त्याच आडनावाची माणसं

माझं सासरचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. ते इतकं विरळ आहे की फोनवर टाइप केलं तर दोन मिनिटांत कोणीही त्या घरांच्या दारापर्यंत पोचेल, आणि तिथल्या माणसांनी मला तशी परवानगी दिलेली नाही. जुनं इंग्रजी आडनाव आहे, एवढं सांगते. अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनला मी नोकरी करते तिथे एखाद्याशी आधी ईमेलवर बोलणं होतं आणि मग प्रत्यक्ष भेट होते, तेव्हा तो माझ्या मागे आणखी कुणी उभं आहे का ते बघतो. एवढं इंग्रजी आडनाव, आणि समोर नागपूरची सावळी बाई.

ते आडनाव मी लग्नानंतर हौसेने घेतलं. नवऱ्याने एकदाही सुचवलं नव्हतं. उलट तो म्हणाला, "तुझं आहे ते काय वाईट आहे?" मी म्हटलं, "लांब आहे." खरं कारण मी त्याला तीन वर्षांनी सांगितलं.

माझं माहेरचं आडनाव माझ्या वडिलांनी बनवलेलं आहे. ते नागपूरला पोस्टात कारकून होते. घराण्याचं मूळ आडनाव ऐकलं की पाणी कुठल्या पेल्यातून द्यायचं ते लोक ठरवत. मी शाळेत जायच्या आधी त्यांनी राजपत्रात रीतसर नाव बदललं, आजोबांच्या गावाच्या नावाला 'कर' जोडून. कागदावर काम झालं. पण पुण्यात पहिली नोकरी लागली आणि मी खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकीणबाईंनी चहा दिला, आडनाव विचारलं, आणि मग म्हणाल्या, "हो, पण मूळचं?" मला खोटं बोलता येत होतं. त्या दिवशी मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी खोली दुसऱ्याला गेलेली होती. इथे आल्यावरही मराठी मंडळाच्या पिकनिकला एक काकू कागदी प्लेटमध्ये भेळ वाढता वाढता म्हणाल्या, "तुझ्या आडनावावरून काही अंदाजच येत नाही गं." त्यामुळे परदेशी आडनाव हाती आलं तेव्हा मी ते घेऊन टाकलं. ते कुठून आलंय, कुणाकुणाचं आहे, हे काहीच विचारलं नाही.

ते सांगायला माझे सासरे होते.

ते जमीन मोजणीचं काम करायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी आडनाव मोजायला घेतलं, असं माझा नवरा चेष्टेने म्हणायचा. हर्नडनपासून तासाभरावर, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं जुनं लाकडी घर होतं. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. पहिल्या भेटीत सासऱ्यांनी मला बसायला सांगितलं आणि दुसरं वाक्य होतं, "तुमच्या आडनावाचा अर्थ काय?"

मला पुण्याच्या घरमालकीणबाई आठवल्या. पण त्यांना तसलं काही विचारायचं नव्हतं. मी सांगितलं, अमुक गावचा राहणारा. ते एकदम खूश झाले. "म्हणजे आपलं दोघांचं सारखंच! आमचंही गावाचं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आडनावाचा शेवटचा तुकडा म्हणजे रान तोडून केलेली मोकळी जागा, पहिला तुकडा म्हणजे डोमकावळा. कावळ्यांची मोकळी जागा. इंग्लंडच्या उत्तरेला त्या नावाचं एक गाव होतं, ते मध्ययुगातच उजाड झालं. जमीनदाराने माणसं काढून मेंढ्या घातल्या. गाव गेलं, पण तिथून हुसकलेली माणसं जिथे गेली तिथे लोक त्यांना गावाच्या नावाने ओळखू लागले. सासरे ती जागा बघायला गेले होते. कुरणात थोडे उंचवटे, त्यावर मेंढ्या, बाकी काही नाही. आजही इंग्लंडात या आडनावाची मूठभर घरं आहेत, तीही त्याच भागात. कारकुनांनी त्याची पाच-सहा स्पेलिंगं केली होती, ती सगळी त्यांना पाठ होती. त्यातला एकजण जहाजाने व्हर्जिनियात आला आणि त्याच्यापासून आम्ही, असं ते म्हणाले.

त्यांच्या अभ्यासिकेत कार्डांचे तीन लाकडी ड्रॉवर होते. अमेरिकेत या आडनावाचा जन्मलेला प्रत्येक माणूस एका कार्डावर. नाव, जन्म, गाव, बाप, कुठे पुरला. अक्षर छापल्यासारखं. माझं लग्न झाल्यावर त्यांनी माझंही कार्ड केलं आणि मला दाखवलं. बापाच्या जागी माझ्या वडिलांचं नाव, गावाच्या जागी नागपूर. मला तेव्हा रडू आलं होतं. माझं नाव असं हौसेने कुणी कुठे लिहून घेतलं नव्हतं.

ते चांगले होते, हे मला आधी सांगायला हवं. वाढदिवसाला फोन करायचे. माझ्यासाठी तिखट सॉस आणून ठेवायचे, स्वतः कधी चाखलाही नसेल. मी त्यांना नवऱ्याप्रमाणेच 'डॅड' म्हणायची, कारण सासऱ्याला नावाने हाक मारणं मला जमेना, आणि त्यांना ते आवडायचं.

आम्हाला मूल झालं नाही. पाच वर्षं डॉक्टर केले, मग सोडून दिलं. सासरे कधी एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त एकदा, नवऱ्याच्या कार्डावर खालची ओळ कोरी होती तिथे बोट ठेवून ते बराच वेळ बसले होते, ते मी दारातून पाहिलं.

मग नवऱ्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. ऑक्टोबरात निदान, मार्चमध्ये गेला. सेहेचाळीस वर्षांचा होता. शेवटच्या दोन महिन्यांत सासरे आमच्याकडेच होते. मी ऑफिसची मीटिंग घ्यायला वर जायची आणि ते खाली त्याच्या पायांना तेल लावायचे. ते तेल लावणं त्यांना मी शिकवलं होतं. अंत्यविधीनंतर लोक गेले, मी भांडी घासत होते, तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "आता हे नाव आपल्या दोघांपाशीच आहे."

त्या उन्हाळ्यात मी दर शनिवारी त्यांच्याकडे जायला लागले. दोघांनाही घर खायला उठायचं. तेव्हाच त्यांनी विचारलं, "तू डेटाबेसचंच काम करतेस ना? ही कार्डं कॉम्प्युटरवर चढवशील? मी गेल्यावर कुणी फेकून देऊ नये." मी लगेच हो म्हटलं. नवऱ्याशिवायच्या शनिवारांना काहीतरी काम हवं होतं. ते एकेक कार्ड वाचायचे, मी एन्ट्री करायची. दुपारी ते चीज सँडविच करायचे, मी चहा. आठ-दहा शनिवारांत पहिला ड्रॉवर झाला.

एन्ट्री करताना मला एक गोष्ट खटकू लागली. कार्डाच्या मागे त्यांनी जनगणनेच्या पानाचा क्रमांक लिहिला होता. पडताळणी म्हणून मी ती जुनी पानं ऑनलाइन उघडून बघायची, ती सगळ्यांना खुली आहेत. एका जिल्ह्याच्या पानावर आमचं आडनाव अकरा ओळींत होतं. कार्डं होती दोन. दुसऱ्या पानावर चौदा ओळी, कार्ड एकही नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ती दुसरी माणसं. आपली नाहीत."

मला वाटलं, योगायोगाने तेच आडनाव असेल. पुढे मी विचारलं नाही.

ऑक्टोबरात प्रिंटरचा कागद संपला. ते म्हणाले, जिन्याखालच्या कपाटात बघ. कागदाच्या गठ्ठ्यामागे निळं पुठ्ठ्याचं खोकं होतं, बुटांच्या खोक्याच्या दुप्पट. झाकण उघडलं. आत कार्डं. तेच अक्षर, तेच आडनाव, तसंच नाव, जन्म, गाव, बाप. फक्त उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक 'B' काढलेला. जुन्या जनगणनेत वर्णाच्या रकान्यात असायचा तो. ब्लॅक.

मी जिन्याच्या पायरीवर बसून कार्डं चाळली. तीन ड्रॉवरांत मिळून जेवढी होती त्याहून ती जास्त होती. जवळपास सगळी दक्षिण व्हर्जिनियातल्या एकाच जिल्ह्यातली, आणि तिथून पुढे बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, शिकागो. एकाही कार्डामागचा जनगणनेचा क्रमांक १८७० च्या आधीचा नव्हता. गुलामगिरी संपल्यानंतरच्या पहिल्या जनगणनेत ही माणसं पहिल्यांदा नाव-आडनावासकट लिहिली गेली. त्याआधीच्या जनगणनांत मालकाच्या नावाखाली नुसत्या रेघा असत, वय आणि बाई की पुरुष एवढंच.

म्हणजे आमचं आडनाव वाटत होतं तितकं विरळ नव्हतं. अमेरिकेत ते ज्यांचं होतं त्यांतले बहुतेक लोक जिन्याखाली होते.

खोक्याच्या तळाशी तीन पत्रं होती. एकाच बाईंची. त्याच आडनावाच्या. पहिलं टाइप केलेलं. त्या शाळेच्या लायब्ररीत काम करून निवृत्त झाल्या होत्या. वंशावळींच्या एका मासिकात सासऱ्यांचं नाव वाचून त्यांनी लिहिलं होतं. त्यांच्या पणजीची आई तुमच्या पूर्वजाच्या शेतावर होती असं घरात सांगतात. त्या घराचे कागद तुमच्याकडे आहेत असं कळलं. माणसांची यादी असेल आणि तिच्यात तिचं नाव असेल, तर ते मला एकदा बघायचं आहे. मला दुसरं काही नको. शेवटी पत्ता आणि फोन. दुसरं पत्र वर्षभराने, आधीचं मिळालं नसेल म्हणून. तिसरं बऱ्याच वर्षांनंतरचं, हाताने लिहिलेलं, ओळी खाली उतरत गेलेल्या. माझं वय आता ऐंशीच्या वर आहे, असं त्यात होतं. ते माझ्या नवऱ्याच्या आजारपणात आलं होतं.

आणि यादी होती. ती अभ्यासिकेतल्या जुन्या कागदांच्या फाइलमध्ये असणार हे मी ओळखलं, कारण त्या फाइलमधला जमिनीचा जुना नकाशा सासऱ्यांनी मला कितीदा कौतुकाने दाखवला होता. त्याच्याखालची पानं मी कधी उलटली नव्हती, ती आता उलटली. पूर्वज मेल्यावर त्याच्या मालमत्तेची मोजदाद केलेली होती. अक्रोडाच्या लाकडाचं कपाट. तांब्याच्या दोन किटल्या. मग एकोणीस माणसं, नुसती पहिली नावं, पुढे वय. मग एक आंधळी घोडी. पत्रातल्या बाईंनी जे नाव लिहिलं होतं ते बारावं होतं. वय सात. तिच्या आईचं नाव काय असेल, ती त्या एकोणिसांत होती की नव्हती, कळायला मार्ग नव्हता.

मी पत्रं घेऊन स्वयंपाकघरात गेले. ते टोमॅटो कापत होते.

"डॅड, यांना उत्तर का नाही दिलं?"

त्यांनी पत्रांकडे बघितलं, सुरी खाली ठेवली, हात पुसले. "ते वेगळं कुटुंब आहे."

"आडनाव एकच आहे."

"आडनाव त्यांना दिलेलं आहे. त्यांचं नाही ते."

"मलाही दिलेलंच आहे."

"तुझी गोष्ट वेगळी. तू माझ्या मुलाची बायको आहेस."

"मग ही कार्डं कशाला केलीत?"

त्यांनी सुरीचं पातं पुसलं. मग म्हणाले, "समोर दिसलेलं लिहिल्याशिवाय मला राहवत नाही." आणि मग, मला वाटलं त्याहून हळू आवाजात, "माझ्या घरच्यांनी माणसं ठेवली होती हे मला माहीत आहे. मी ठेवली नव्हती. मी त्या बाईला काय लिहायचं होतं? की हे घ्या, गाईगुरांच्या मध्ये तुमची आजी आहे? मी मेल्यावर तुला काय करायचं ते कर. माझ्या डोळ्यांसमोर नको."

मी तेव्हाच माझं सगळं सांगायला हवं होतं. नागपूरचं, पुण्याच्या खोलीचं, वडिलांच्या राजपत्राचं. तोंडाशी आलं होतं. पण या माणसाने माझं कार्ड केलं होतं, आणि मला भीती वाटली की ऐकल्यावर ते कार्ड ड्रॉवरमधून उचलून कुठे ठेवतील. आज लिहिताना ही भीती वेडगळ वाटते. त्यांना आमच्याकडच्या जातींचं काय माहीत असणार? पण भीती अशी हिशेबी नसते. मी टोमॅटो उचलले आणि सँडविच केली.

जायच्या आधी मात्र, ते डुलकी घेत होते तेव्हा, मी यादीचे आणि पत्रांचे फोनवर फोटो काढले.

आणि मग काहीच केलं नाही. नोव्हेंबर गेला. डिसेंबरात ते अंगणात बर्फावरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग फिजिओथेरपी. मी आठवड्यातून चारदा जात होते, त्यांना कमोडवर बसवत होते, मोजे घालत होते. त्या अवस्थेतल्या माणसाच्या पाठीमागे काही करणं मला बरं दिसेना. असं मी स्वतःला सांगत होते. बाईंचा फोन नंबर माझ्या फोनमध्येच होता. एक फोन करायला दोन मिनिटं लागली असती.

मार्चमध्ये नवऱ्याला जाऊन वर्ष झालं. त्या दिवशी सकाळी मी वडिलांना नागपूरला व्हिडिओ कॉल केला. ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत, कान कमी झालेत, म्हणून ओरडून बोलतात. का कोण जाणे, मी त्यांना खोक्याचं आणि पत्रांचं सगळं सांगितलं. ते स्क्रीनच्या फार जवळ येऊन ऐकत होते, मला नुसतं कपाळ दिसत होतं.

"त्या बाईचं पत्र कधीचं आहे म्हणतेस?"

"शेवटचं दीड वर्षापूर्वीचं, बाबा."

"आन् तुला सापडलं कधी?"

"ऑक्टोबरमध्ये."

"मंग?"

"मग काही नाही. डॅडचं ऑपरेशन झालं, मी…"

"कशाची वाट पाहून राहिली तू?" ते म्हणाले. "मी नाव बदलवलं तं मूळचं काय होतं ते निदान मला ठाऊक होतं. त्या बाईले तं तेबी ठाऊक नाही. जा लवकर."

पुढच्या शनिवारी सकाळी मी निघाले. फोन केला नाही. पाच महिने गप्प बसून आता फोनवर काय बोलायचं ते सुचत नव्हतं. साडेचार तासांचा रस्ता. शहरं संपली, पाइनची झाडं लागली, बंद पडलेले कारखाने, चर्च, पुन्हा पाइन. पत्त्यावरचं घर विटांचं, बैठं. दाराशी व्हीलचेअरसाठी लाकडी उतार केलेला. रस्त्याच्या कडेला पत्रपेटी, आणि तिच्यावर चिकटवायच्या अक्षरांत माझं आडनाव. आमच्या घरांच्या बाहेर, अनोळखी दारात ते लिहिलेलं मी पहिल्यांदा बघत होते. मी गाडीत बसून ते दोन-तीनदा वाचलं.

दार एका उंच, वाकलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. मी बाईंचं नाव घेतलं, त्या आहेत का विचारलं.

"तुम्ही कोण?"

मी माझं नाव सांगितलं, आडनावासकट. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही?"

"नवऱ्याकडून."

"ती गेली," ते म्हणाले. "उद्या पाच आठवडे होतील. मी तिचा भाऊ."

मी तिथेच उभी राहिले. ते बाजूला झाले आणि म्हणाले, "आलाच आहात तर बसा."

बैठकीच्या खोलीत एक रिकामी व्हीलचेअर घडी करून भिंतीला लावली होती. मी कागद काढले, प्रिंट करून नेले होते. कुठून आलेत ते सांगितलं. त्यांनी भिंग आणलं. फर्निचरच्या कारखान्यात चाळीस वर्षं काम केलेले हात होते, डाव्या हाताची दोन बोटं अर्धी. त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. कपाटही वाचलं, किटल्याही वाचल्या. मग एकेक नाव मोठ्याने. बाराव्याला थांबले. पुढची सातही वाचली, आणि घोडीपाशी भिंग खाली ठेवलं.

"हे तिला हवं होतं," ते म्हणाले. "मला नको होतं. मी तिला म्हणायचो, गुरांच्यात तिला शोधून काय करणार आहेस तू? ती म्हणायची, तिथून बाहेर काढणार."

त्यांनी कागद सरळ करून मांडीवर ठेवले.

"किती दिवस होते त्यांच्याकडे?"

"तीस वर्षं असतील."

"आणि तुमच्याकडे?"

मला 'नुकतेच मिळाले' म्हणता आलं असतं. ते मला तपासून बघायला गेले नसते. "ऑक्टोबरपासून," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. ओठांतल्या ओठांत महिने मोजले. "ऑक्टोबरमध्ये ती चालत होती," ते म्हणाले. "काठी घेऊन पत्रपेटीपर्यंत जायची. रोज."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला पाणी आणून दिलं. पाणी मला प्यावंसं वाटेना, पण त्यांनी दिलेला ग्लास मी न पिता ठेवणार नव्हते. मी तो संपवला.

मग ते उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "चला." कुठे ते सांगितलं नाही. माझ्याच गाडीतून आम्ही मैलभरावरच्या चर्चमागे गेलो. उतारावर दफनभूमी होती. दगड, सिमेंटचे ठोकळे, काही नुसते लोखंडी खांब, आणि जिथे अक्षर होतं तिथे तेच आडनाव. ओळीच्या ओळी. सासऱ्यांच्या ड्रॉवरांत मी ज्यांना आठ-दहा शनिवार मोजत बसले होते ते सगळे मिळून या उताराचा एक कोपरा भरला नसता. ते चालता चालता हाताने दाखवत होते, हा माझा बाप, हा चुलता, हा युद्धावर गेलेला. ते आडनाव माझ्या सासऱ्यांपेक्षा वेगळं उच्चारत होते, पहिला स्वर लांबवून. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आम्ही असंच म्हणतो. तुमचे लोक कसं म्हणतात ते मी कधी ऐकलं नाही."

"मालकाचं नाव तुमच्या लोकांनी का ठेवलं?" मला हे विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं.

"मालकाचं?" ते थांबले. "माझी बहीण म्हणायची, यादवी युद्ध संपल्यावर सगळे पांगले होते. कुणाची आई विकलेली, कुणाचं पोर विकलेलं. वेगवेगळी नावं घेतली असती तर एकमेकांना सापडले कसे असते? म्हणून हे धरून ठेवलं. शोधत येणाऱ्याला सापडावं म्हणून."

बाईंच्या मातीवर अजून दगड नव्हता, नुसती एक खूण आणि सुकलेली फुलं. त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "तुम्ही आणलंत, तुम्ही वाचा."

मी ते नाव वाचलं आणि पुढे वय सात असं वाचलं. त्यांनी माझा उच्चार दुरुस्त केला. ते नाव त्यांच्या घरात अजून ठेवतात, त्यांच्या एका नातीचं आहे. मी पुन्हा वाचलं. मग ते म्हणाले, "ठीक आहे," आणि आम्ही गाडीकडे परत आलो. घरापाशी उतरताना त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. आभार मानले नाहीत. मानायला नकोच होते.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, मी सासऱ्यांकडे गेले आणि सगळं सांगितलं. या वेळी माझंही सांगितलं, वडिलांच्या मूळ आडनावापासून. ते वॉकर समोर धरून खुर्चीत बसले होते. सगळं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "किती दगड होते?"

"मोजले नाहीत."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, "घराची किल्ली टेबलावर ठेवून जा."

मी पुढेही फोन करत राहिले. ते उचलायचे, 'बरा आहे' म्हणायचे, ठेवायचे. दोनदा मी घरी गेले तर शेजारीण दारात आली आणि ओशाळून म्हणाली की ते झोपलेत. ऑगस्टमध्ये तिचाच फोन आला. सकाळी कॉफी घेऊन गेली तर ते खुर्चीतच गेलेले होते. अंत्यविधीला अकरा माणसं होती. त्या आडनावाची मी एकटी.

मृत्युपत्राप्रमाणे तिन्ही ड्रॉवर गावच्या छोट्या संग्रहालयाला गेले. माझं कार्ड त्यांत होतं, मी बघून घेतलं. निळं खोकं कुठेच नव्हतं. जिन्याखाली नव्हतं, माळ्यावर नव्हतं. शेजारीण म्हणाली, एप्रिलमध्ये ते वॉकर घेऊन मागच्या अंगणात उभे होते, पिंपात कागद जाळत होते. तिने मदत करू का विचारलं तर नको म्हणाले. दोन तास लागले म्हणे त्यांना, कारण ते एकेक कागद टाकत होते.

प्रत्येक वाचून टाकत होते का, ते तिने बघितलं नव्हतं. मी त्याबद्दल पुष्कळ विचार केला आहे आणि काही ठरवता आलेलं नाही.

जनगणनेची पानं कुणाला जाळता येत नाहीत. मी त्या जिल्ह्यापासून पुन्हा सुरुवात केली आहे. ऑफिसचं काम संपलं की तासभर बसते, ओळीमागून ओळ भरते. काम संथ आहे. जुन्या कारकुनांचं अक्षर वाईट, आणि नावात चुका. बाल्टिमोरला गेलेली शाखा नीट लागली, फिलाडेल्फियाची अर्धी सुटते आहे. दोनदा मी त्या म्हाताऱ्या भावाला फोन करून शंका विचारल्या. पहिल्यांदा त्यांनी उत्तर दिलं. दुसऱ्यांदा फोन उचलला नाही.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या आठवड्यात त्यांचा आपणहून फोन आला. बहिणीचा दगड बसला, म्हणाले. खाली त्या सात वर्षांच्या मुलीचंही नाव कोरून घेतलं आहे, आडनावासकट.

"मी येऊ का बघायला?"

पलीकडे टीव्ही बंद झाला.

"नको," ते म्हणाले. "तुम्हाला कळवायचं म्हणून कळवलं."